वाचकांचे प्रश्न : घराच्या अंतर्गत रचनेसाठी संगणकावर मॉडेल करायला शिकताना

घराच्या अंतर्गत रचनेचे काम करणाऱ्या आणि ते शिकणाऱ्या वाचकांनी रेव्हिट, आर्किकॅड आणि इमारतीचे त्रिमिती मॉडेल करणाऱ्या तत्सम संगणक-प्रणालींविषयी पाठवलेले प्रश्न एकमेकांत बरेच गुंतलेले आहेत. त्यामुळे या वेळी संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. आज्ञा आणि बटणे यांची माहिती प्रत्येक प्रणालीच्या मदत-विभागात मिळते. म्हणून येथे भर दिला आहे तो घराच्या कामात त्या आज्ञा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विचाराने वापराव्यात यावर.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे घरांच्या अंतर्गत रचनेची कामे करते. नकाशे ऑटोकॅडमध्ये आणि त्रिमिती चित्रे स्केचअपमध्ये अशी माझी पद्धत आहे. दोन-तीन खोल्यांच्या कामासाठी रेव्हिट किंवा आर्किकॅड शिकण्याचे कष्ट घ्यावेत का? घ्यायचे असल्यास कोणती प्रणाली निवडावी?

उत्तर : आपल्या सध्याच्या पद्धतीत एकच कपाट किमान तीन वेळा काढले जाते. एकदा नकाशात, एकदा एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या उभ्या दृश्यात, आणि एकदा स्केचअपच्या चित्रात. शिवाय त्याची मापे साहित्याच्या यादीत हाताने उतरवावी लागतात ती वेगळीच. घरमालकांनी कपाटाची रुंदी १८०० वरून १६५० मिलिमीटर करायला सांगितली, की या चारही ठिकाणी बदल करण्याचा भार आपल्या स्मरणशक्तीवर येतो, आणि कामाच्या जागी उद्भवणाऱ्या अनेक वादांचे मूळ या चारपैकी राहून गेलेल्या एखाद्या ठिकाणी असते. रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये ते कपाट एकदाच तयार होते. नकाशा, सेक्शन (म्हणजे उभा छेद), एलिव्हेशन आणि यादी ही त्याच एका वस्तूची निरनिराळी दर्शने असतात, त्यामुळे एका ठिकाणी माप बदलले की बाकीच्या ठिकाणी ते आपोआप बदलते.

काम लहान आहे म्हणून हा फायदा लहान ठरत नाही. घराच्या कामात क्षेत्रफळ थोडे आणि निर्णय फार असतात, आणि त्यांतील बरेचसे निर्णय काम सुरू झाल्यावरही बदलत राहतात. त्यामुळे माझे मत असे आहे की, आपल्या कामात भिंती पाडणे, स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नव्याने करणे, फॉल्स सीलिंग आणि भिंतीत बसणारे फर्निचर यांचा समावेश असेल, तर आपण ही प्रणाली अवश्य शिकावी. याउलट काम मुख्यतः रंग, पडदे आणि तयार फर्निचर यांच्या निवडीचे असेल, तर स्केचअप पुरेसे आहे आणि त्यात कोणताही कमीपणा नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतलेली बरी. बदल एकदाच करावा आणि सर्व रेखाटने त्याप्रमाणे बदलावीत, हा विचार अमेरिकी वास्तुविशारद आणि संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडला होता. त्यांच्यापुढे होती ती संपूर्ण इमारत. बुडापेस्टमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्टचे आर्किकॅड आणि २००० साली प्रथम बाजारात आलेले रेव्हिट, ज्याची मूळ कंपनी ऑटोडेस्कने २००२ मध्ये विकत घेतली, या दोन्ही प्रणालीही इमारत उभी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून घडल्या. म्हणूनच भिंत, मजला, जिना आणि खिडकी त्यांत सहज उभी राहते; पण भिंतीवरची लादी, ओट्याखालचे ड्रॉवर किंवा भिंतीचा अर्धाच भाग झाकणारी लाकडी पट्टी यांसाठी थोडी वळणाची वाट घ्यावी लागते. अंतर्गत रचनाकारांना शिकताना जी निराशा येते ती बहुतांशी या कारणामुळे येते, आणि हे कारण माहीत असले की माणूस स्वतःच्या आकलनाला दोष देत बसत नाही.

निवडीबाबत पहिला प्रश्न संगणकाचा आहे. रेव्हिट फक्त विंडोजवर चालते, तर आर्किकॅड आणि व्हेक्टरवर्क्स ही तत्सम प्रणाली विंडोज व मॅक दोन्हींवर चालतात. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, तो म्हणजे आपण ज्या वास्तुविशारदांबरोबर किंवा सल्लागारांबरोबर फायलींची देवाणघेवाण करता, ते काय वापरतात. ते रेव्हिट वापरत असतील तर आवृत्तीचेही विचारून घ्यावे, कारण रेव्हिटमध्ये नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि ती जुन्या आवृत्तीसाठी परत जतन करण्याची सोयही नाही. एकट्याने काम करणाऱ्या आणि कोणाशीही फाइल वाटून न घेणाऱ्या रचनाकाराने रेव्हिट आणि आर्किकॅड दोन्हींची चाचणी-आवृत्ती घेऊन, एकच खोली दोन्हींत करून पाहावी आणि जी हाताला बसेल ती घ्यावी. दोन्ही प्रणाली या कामाला समर्थ आहेत. पुढील उत्तरांत उदाहरणे रेव्हिटची आहेत, कारण बहुतेक वाचकांनी त्याविषयीच विचारले आहे.

प्रश्न : रेव्हिटच्या व्हिडिओ पाठांची एक मालिका मी पूर्ण केली. त्यातले घर मला जसेच्या तसे करता येते. परंतु माझ्याकडे आलेल्या प्रत्यक्ष कामाला बसलो की पहिल्याच भिंतीपाशी अडतो. सुरुवात नेमकी कशी करावी?

उत्तर : पाठांतले घर मोकळ्या जागेवर, काटकोनात आणि पूर्णांकी मापांत उभे राहते. आपल्या हाती येते ते मात्र आधीच उभे असलेले, गिलावा कुठे जाड तर कुठे पातळ असलेले, तुळया आणि कॉलम मध्येच डोकावणारे घर. त्यामुळे अंतर्गत रचनाकाराचा पहिला धडा मापे घेण्याचा असतो, आणि तोच बहुतेक पाठांत गाळलेला असतो. सरावासाठी स्वतः राहत असलेल्या घरातील एक खोली आणि तिला लागून असलेले न्हाणीघर घ्यावे, कारण राहून गेलेले माप उठून लगेच घेता येते.

प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींची लांबी घ्यावीच. शिवाय दोन्ही कर्णही मोजावेत. समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असूनही कर्ण सारखे आले नाहीत, तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही हे कळते. भिंतीत बसणारे कपाट येणार असेल तेथे भिंतींमधील अंतर जमिनीलगत, मध्यावर आणि छताजवळ असे तीन ठिकाणी मोजावे, म्हणजे भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आहे की नाही ते समजते. तुळईचा तळ, खिडकीचा सिल आणि लिंटेल, नळ आणि निचऱ्याची जागा, स्विचबोर्ड, तसेच खोल्यांमधील जमिनीच्या पातळीतील फरक यांची नोंद एका हाताने काढलेल्या कच्च्या नकाशावर करावी. लेझर मापकाने काम लवकर होते, पण नोंदी नीट नसतील तर ते मापकही उपयोगी पडत नाही.

आता पहिल्या भिंतीचा प्रश्न. आपण मोजलेले अंतर भिंतीच्या आतल्या पृष्ठभागांमधले असते. पण रेव्हिटमध्ये भिंत काढताना लोकेशन लाइन, म्हणजे भिंत ज्या रेषेला धरून काढली जाते ती रेषा, सामान्यतः भिंतीच्या मध्यावर ठेवलेली असते. समजा, न्हाणीघर आतून १८०० बाय २४०० मिलिमीटर आहे आणि भिंती १५० मिलिमीटर जाडीच्या आहेत. हीच मापे मध्यरेषेवर धरून भिंती काढल्या तर आतली जागा १६५० बाय २२५० एवढीच उरते, म्हणजे ४.३२ चौरस मीटरच्या जागी सुमारे ३.७१ चौरस मीटर. चित्रात हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, पण लाद्यांच्या हिशेबात आणि कमोडसमोरच्या मोकळ्या जागेत तो पुरेपूर जाणवतो. म्हणून भिंत काढण्यापूर्वी लोकेशन लाइन आतल्या पृष्ठभागावर आणावी आणि भिंत काढल्यावर आतले माप पडताळून पाहावे. ही सवय अगदी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

गुण्यात नसलेली खोली जशी आहे तशीच काढावी की सरळ करून, हा निर्णय आपल्याला घ्यावा लागेल. माझा आग्रह असा की, फरक काही मिलिमीटरांचा असेल आणि तो गिलाव्याच्या, लादीच्या किंवा फर्निचरलगतच्या पट्टीच्या जाडीत सामावणार असेल, तर मॉडेल काटकोनात ठेवावे. दोन भिंतींत बसणाऱ्या फर्निचरसाठी मात्र सर्वांत लहान माप धरावे आणि तशी टीप नकाशावर लिहावी. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर भिंत नकाशात तिरपीच काढावी, कारण तेथे लाद्यांच्या कडा तिरप्या कापाव्या लागणार असतात आणि ते आधी कळायला हवे. कललेली भिंत काढण्याची सोय रेव्हिटमध्ये २०२१ च्या आवृत्तीपासून आहे, पण ओळंब्यातील थोड्या फरकासाठी तिचा वापर करू नये; त्या एका भिंतीपायी पुढचे प्रत्येक काम अवघड होते.

मग येते फेज, म्हणजे एखादा घटक कामाच्या कोणत्या टप्प्यातला आहे याची नोंद. जुन्या घराचे काम करणाऱ्यासाठी रेव्हिटमधील सर्वांत मोलाची सोय हीच आहे, असे मी मानतो. आपण आता जे काढले ते सर्व 'एक्झिस्टिंग', म्हणजे आधीपासून असलेले, असे ठरवून द्यावे. पाडायच्या भिंती पुसून न टाकता डिमॉलिश या आज्ञेने पाडलेल्या म्हणून नोंदवाव्यात आणि नवे बांधकाम नव्या फेजमध्ये काढावे. फेज फिल्टरच्या आधारे त्याच मॉडेलमधून मूळ स्थितीचा, पाडकामाचा आणि नव्या रचनेचा असे तीन वेगळे नकाशे मिळतात. येथे दोन ठिकाणी नवशिका हमखास अडतो. जुने दार पाडलेले म्हणून नोंदवले की त्या जागी रेव्हिट आपोआप भिंतीचा तुकडा भरते. ते बरोबर आहे, कारण दार काढल्यावर ती जागा बुजवायचीच असते असे ते धरून चालते. पण तेथे मोकळी चौकट ठेवायची असेल तर त्या भरलेल्या तुकड्यात नवे ओपनिंग घालावे लागते. दुसरे म्हणजे 'रूम', म्हणजे खोलीचे नाव आणि क्षेत्रफळ नोंदवणारा घटक, एकाच फेजची असते. मूळ स्थितीत घातलेली रूम नव्या रचनेच्या नकाशात दिसत नाही, ती तेथे पुन्हा घालावी लागते. आर्किकॅडमध्ये हेच काम रिनोव्हेशन या नावाखाली होते आणि प्रत्येक घटकाला आधीचा, पाडायचा किंवा नवा असा दर्जा देता येतो.

एवढे झाले की थांबावे आणि एकही खुर्ची ठेवण्याआधी या रिकाम्या घराचे नकाशे, छताचा नकाशा आणि प्रत्येक खोलीची चार एलिव्हेशन कागदावर काढून, ती हातात घेऊन प्रत्यक्ष खोलीत उभे राहावे. जेथे कागद आणि भिंत जुळत नाहीत तेथे दुरुस्ती करावी. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे प्रत्येक माप याच्यावर उभे राहणार असते.

प्रश्न : भिंतींवरच्या लाद्या, रंग आणि वॉलपेपर मॉडेलमध्ये कसे दाखवावेत? 'पेंट' आज्ञा वापरली तर चित्र चांगले दिसते, परंतु हिशेब बरोबर येतो की नाही याची खात्री वाटत नाही.

उत्तर : यासाठी तीन मार्ग आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. अंतिम थर भिंतीच्या रचनेतच घालता येतो, पृष्ठभागाला पेंट करता येते किंवा मूळ भिंतीला चिकटून दुसरी पातळ भिंत काढता येते.

पहिला मार्ग नव्या घराला बरा पडतो. जुन्या घरात एकच भिंत एका बाजूला शयनगृहाला आणि दुसऱ्या बाजूला न्हाणीघराला लागलेली असते, आणि तिच्याच लांबीत दोन-तीन खोल्या येतात. प्रत्येक बदलासाठी भिंतीचा नवा प्रकार करत गेले की प्रकारांची संख्या आवाक्याबाहेर जाते, शिवाय मूळ भिंत आणि नवा थर यांच्या फेज वेगळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून या मार्गाची शिफारस मी करत नाही.

ज्याला जाडी नाही, म्हणजे रंग आणि वॉलपेपर, त्याला पेंट आज्ञा योग्य आहे. भिंतीचा काहीच भाग रंगवायचा असेल तर स्प्लिट फेसने पृष्ठभाग आधी विभागून घ्यावा. आपली हिशेबाची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर उपलब्ध आहे. नेहमीच्या भिंतींच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या यादीत, पेंट केलेले साहित्य येत नाही. त्यासाठी मटेरियल टेकऑफ या प्रकारची यादी करावी लागते आणि तीत साहित्य पेंट म्हणून लावलेले आहे की नाही हे सांगणारा रकाना घ्यावा लागतो. मग रंगाचे क्षेत्रफळ खिडकी-दारे वगळून मिळते आणि खिडकी मोठी केली तर ते आपोआप कमी होते.

ज्याला जाडी आहे, म्हणजे लाद्या, लाकडी आच्छादन, दगड, त्याच्यासाठी मात्र पातळ भिंतच काढावी. लादी आणि तिच्याखालचा मसाला किंवा चिकटद्रव्य मिळून जेवढी जाडी होते तेवढी त्या भिंतीची जाडी ठेवावी, उंची लाद्या जेथवर लावायच्या तेथवर, आणि फेज नवी. त्यानंतर जॉइन आज्ञेने ती मूळ भिंतीशी जोडावी, म्हणजे मूळ भिंतीतील दार-खिडकीची पोकळी तिलाही कापते; हे विसरले तर खिडकीवरूनही लाद्या चढलेल्या दिसतात. तसेच ती भिंत रूमची हद्द ठरावी की नाही हे तिच्या गुणधर्मांत जाणीवपूर्वक ठरवावे. जाडी धरणे हा निरर्थक काटेकोरपणा नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींवर प्रत्येकी २० मिलिमीटर जाडी चढली की ९०० मिलिमीटरचा शॉवरचा कोनाडा ८६० चा होतो, आणि काचेचे दार मागवण्यापूर्वी हे कळणे आवश्यक असते.

जमिनीच्या लाद्यांनाही हाच न्याय लावावा. मूळ स्लॅब तसाच ठेवून त्यावर खोलीनिहाय वेगळा फ्लोअर काढावा आणि त्याची पातळी जाडीइतकी वर घ्यावी, म्हणजे न्हाणीघर आणि खोली यांच्यामधला उंबरा किती उरतो आणि दार घासणार की नाही हे सेक्शनमध्ये स्पष्ट दिसते.

शेड्यूलमधले क्षेत्रफळ म्हणजे मागवायच्या लाद्यांची संख्या नव्हे, हेही सांगायला हवे. कापताना वाया जाणारे तुकडे, नक्षी जुळवण्यासाठी लागणारी वाढ आणि राखून ठेवायच्या काही लाद्या यांचा अंदाज रचनाकारानेच घ्यायचा असतो. लाद्यांची मांडणी कोठून सुरू होणार ही रेषा एलिव्हेशनमध्ये ठरवून घेतली, की कडेला किती रुंदीचा तुकडा येतो ते दिसते. तो बोटभर रुंदीचा येत असेल तर आरंभरेषा सरकवावी.

प्रश्न : इंटरनेटवरून उतरवलेल्या सोफा, पलंग, नळ यांच्या फॅमिलींमुळे (रेव्हिटमधील वस्तूंच्या साच्यांमुळे) माझी फाइल अतिशय जड झाली आहे. स्वतःच्या फॅमिली बनवायला शिकणे आवश्यक आहे का? कपाटे मी सध्या 'मॉडेल इन-प्लेस' पद्धतीने, म्हणजे प्रकल्पातच जागेवर आकार काढून, करते.

उत्तर : सोफा आणि नळ बनवायला शिकण्याची गरज नाही, कपाट बनवायला शिकणे मात्र अत्यावश्यक आहे. सोफा तयार येणार असतो, त्याची लांबी, रुंदी, उंची आणि नाव बरोबर असले की काम भागते. उतरवलेल्या फॅमिलींमध्ये शिवणीच्या रेषांसकट हजारो त्रिकोणी पृष्ठभाग असतात, विशेषतः त्या दुसऱ्या प्रणालीतील त्रिमिती वस्तू थेट आत आणून बनवलेल्या असतील तर. अशी फॅमिली प्रकल्पात आणण्याआधी वेगळ्या रिकाम्या फाइलमध्ये उघडून पाहावी आणि जड वाटल्यास नाकारावी. अतिशय देखणा सोफा चित्रासाठी हवाच असेल तर तो रेंडरच्या, म्हणजे वास्तववादी चित्रे काढणाऱ्या, प्रणालीत ठेवावा, मॉडेलमध्ये साधा ठेवावा.

इन-प्लेस पद्धत फक्त अशा वस्तूसाठी राखावी जी त्या घरात एकदाच, एकाच जागी आणि तिथल्या भिंतीच्या वेड्यावाकड्या आकारात बसवायची आहे. कपाट प्रत्येक घरात येते. त्यासाठी केसवर्क, म्हणजे बसवलेली कपाटे, या प्रवर्गातील एक फॅमिली मन लावून बनवावी. आधी रेफरन्स प्लेन (आधाराची प्रतले), त्यांवर मापे, मापांना पॅरामीटर (नाव दिलेली, बदलता येणारी मूल्ये), आणि सर्वांत शेवटी घन आकार, हा क्रम पाळावा. फळी आणि शटर रेफरन्स प्लेनला बांधलेले असले, की रुंदी ४५० ची ६०० केल्यावर सगळे कपाट आपोआप सरकते. आकार काढण्यापूर्वी रुंदी, उंची आणि खोली दोन-तीनदा बदलून चौकट नीट हलते की नाही हे तपासावे. प्लायची जाडी हाही पॅरामीटरच ठेवावा, कारण १८ मिलिमीटरच्या जागी दुसरी जाडी ठरली तर आतील मोकळी रुंदी बदलते आणि ड्रॉवरचे चॅनल त्याच रुंदीवर अवलंबून असतात.

प्रवर्गाची निवड घाईने करू नये. फर्निचर या प्रवर्गातील वस्तू रेव्हिट सेक्शनमध्ये कापून दाखवत नाही. केसवर्कमधील वस्तू कापते. त्यामुळे भिंतीतील कपाट फर्निचर म्हणून बनवले तर त्याच्या आतल्या फळ्या सेक्शनमध्ये कधीच दिसणार नाहीत, आणि रचनाकार कितीतरी वेळ दृश्याच्या सेटिंगमध्ये चूक शोधत राहतो. ओट्यावरच्या टांगत्या कपाटांच्या बाबतीतही केसवर्कच सोयीचे पडते, कारण नकाशाच्या कापरेषेच्या वर असलेली, परंतु दृश्याच्या वरच्या मर्यादेखाली येणारी केसवर्कची वस्तू नकाशात दाखवली जाते, फर्निचरची दाखवली जात नाही.

तपशील किती ठेवावा यासाठी एक कसोटी पुरेशी आहे. या तपशिलामुळे कोणाचे माप, संख्या किंवा निर्णय बदलतो का? शटरची जाडी आणि उघडण्याची दिशा यांमुळे तो बदलतो, म्हणून ती हवी. बिजागराचा स्क्रू कोणाचाही निर्णय बदलत नाही. बिजागरांची संख्या मात्र यादीत एक आकडा म्हणून ठेवता येते, त्यासाठी त्याचा आकार काढावा लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे काम करणारे सुतार आणि कंत्राटदार मॉडेल उघडत नाहीत. त्यांना कागदच हवा असतो. मग मॉडेलचा उपयोग काय?

उत्तर : कागद हवा ही त्यांची मागणी अगदी योग्य आहे, आणि मॉडेल हे चांगला कागद तयार करण्याचेच साधन आहे. सुताराला घराचा संपूर्ण नकाशा नको असतो. त्याला एका कपाटासाठी एक पान हवे असते, ज्यावर नकाशा, शटरसहित आणि शटरविना अशी दोन एलिव्हेशन, एक सेक्शन, एक त्रिमिती दृश्य आणि साहित्याची लहान यादी असेल. खोलीत एलिव्हेशनचे चिन्ह ठेवून त्याच्या चारही बाजू निवडल्या की चारही भिंतींची दृश्ये तयार होतात. एकदा दृश्यांचे साचे, म्हणजे व्ह्यू टेम्प्लेट, नीट बसवले की प्रत्येक पानावरील रेषांची जाडी आणि अक्षरांचा आकार सारखा येतो.

माप कोठून धरायचे हे सुताराशी आधी बोलून घ्यावे. तयार पृष्ठभागापासून की गिलाव्यापासून, हे पानावर लिहिलेले असावे. बसवण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर माप पुन्हा घ्यावे, ही टीप प्रत्येक पानावर ठेवावी आणि तसे माप आल्यावर ते मॉडेलमध्ये भरून पान नव्याने काढावे. जुने पान जागेवरून परत घेतले गेले पाहिजे. पानावर दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख असेल तर ते ओळखता येते.

प्रश्न : घरमालकांना फक्त सुंदर चित्रे हवी असतात, तीही दोन-तीन पर्यायांची. मी आधी रेंडर करायला शिकावे का?

उत्तर : माझ्या मते नाही. एन्स्केप, ट्विनमोशन, व्ही-रे यांसारख्या प्रणाली रेव्हिट आणि स्केचअप दोन्हींशी जोडता येतात आणि प्रकाश, साहित्य, कॅमेरा यांची मूलभूत ओळख तुलनेने लवकर होते. पण मापे चुकलेल्या खोलीचे सुंदर चित्र घरमालकांना दाखवले, की त्या चित्रातील प्रत्येक गोष्ट त्यांच्या दृष्टीने दिलेला शब्द होते. आधी मॉडेल विश्वासार्ह होऊ द्यावे.

पर्यायांसाठी रेव्हिटमध्ये डिझाइन ऑप्शन आहेत. सामाईक घर एकच राहते आणि स्वयंपाकघराच्या दोन मांडण्या दोन पर्यायांत ठेवता येतात. प्रत्येकीचे नकाशे आणि याद्याही वेगळ्या निघतात. दार किंवा खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत त्याच पर्यायात असावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे. घरमालकांनी निवड केली की तो पर्याय मुख्य मॉडेलमध्ये विलीन करून बाकीचे काढून टाकावेत. न निवडलेले पर्याय शेवटपर्यंत तसेच ठेवले की यादीत कोणाची कपाटे मोजली जात आहेत याविषयी गोंधळ होतो.

प्रश्न : मी अंतर्गत रचनेची विद्यार्थिनी आहे. महागडी प्रणाली विकत घेणे शक्य नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना रेव्हिट विनामूल्य देते. ही मुदत एका वर्षाची असते आणि पात्रता टिकून असेपर्यंत वाढवून घेता येते. ग्राफिसॉफ्टकडूनही आर्किकॅडची विद्यार्थी-आवृत्ती मिळते. हे परवाने शिक्षणापुरते असतात. त्यांवर मोबदल्याचे काम करू नये.

शिक्षण संपल्यावरही विनामूल्य साधन हवे असेल तर ब्लेंडर या त्रिमिती प्रणालीसाठीचे बोन्साय, ज्याचे पूर्वीचे नाव ब्लेंडरबिम होते, आणि फ्रीकॅडमधील बीआयएम (इमारतीचे माहितीसह मॉडेल करण्याचा) विभाग पाहावा. दोन्ही मुक्त-स्रोत आहेत आणि आयएफसी या खुल्या स्वरूपात काम करू शकतात. आयएफसी हे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, आयएसओ १६७३९ या क्रमांकाने प्रमाणित केलेले स्वरूप आहे, आणि रेव्हिट व आर्किकॅडमधूनही त्यात फाइल काढता येते. घराच्या कामासाठी लागणारी तयार सामग्री या मुक्त साधनांत कमी असल्यामुळे सुरुवातीला श्रम अधिक पडतील, परंतु भिंत, खोली आणि कपाट यांना माहिती कशी जोडलेली असते हे त्यांत उघडपणे दिसते, त्यामुळे ती समज पक्की होते. परवाना असेपर्यंत आपण केलेल्या प्रत्येक प्रकल्पाची मूळ फाइल, आयएफसी आणि नकाशांची पीडीएफ अशा तिन्ही प्रती जपून ठेवाव्यात, म्हणजे मुदत संपल्यावरही आपले काम उघडून दाखवता येईल.